आत्याबाईंचा पाट आणि विजेची शेगडी

वाशीमच्या आमच्या घरी विजेची शेगडी आली, तेव्हा तिचं कौतुक करायला अर्धी आळी दारात जमली होती आणि तिला हाकलून द्यायला एकच माणूस टपून बसला होता. पंचाईत अशी, की तो एक माणूस घराचा मालक होता.

ते माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मामाजींचा आवाज असा, की त्यांनी ओसरीत खाकरलं तरी परसातली मांजर जागा बदलायची. त्यांना कोणी उलट बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. भिंतींनीही ऐकलं नसावं.

शेगडी आली ती आत्याबाईंच्या खोकल्यापायी. पंचावन्न सालानंतरची गोष्ट. गावात दिवसाही वीज राहू लागली होती. आत्याबाईंचा खोकला मात्र विजेपेक्षा जुना. पळाट्या फुंकून फुंकून त्यांची छाती अशी वाजायची, की पलीकडच्या खोलीत कोणी पेटी शिकतंय असं वाटावं. कपाशीच्या वाळल्या झाडांना आम्ही पळाट्या म्हणतो. त्या जळतात झकास, पण धूर देतात त्याहून झकास. शेवटी डॉक्टरांनी नळी कानाला लावली, तोंड वाकडं केलं आणि सांगितलं, "आता चुलीपुढं बसायचं नाही. धूर थांबला नाही तर छाती हातची जाईल."

मामाजींनी तिथंच निकाल दिला. "उद्यापासून तुमी ओसरीत बसान. चुलीचं सून पाहीन."

ऐकायला किती प्रेमाचं वाटतं! पण आत्याबाईंचा चेहरा मी पाहिला. एखाद्या राजाला म्हणावं, महाराज, तब्येतीला जपा, सिंहासन तेवढं सोडा, तसा तो झाला होता. त्या घरात त्यांचं म्हणून जे काही होतं ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत होतं. मी मेडशीहून लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी हौसेनं भाकरी थापली होती. त्यांनी ती निरखून पाहिली आणि काही न बोलता गाईपुढं ठेवली. गाईनंही जरा विचार केला. तेव्हापासून मला कणीक मळायला, भाजी चिरायला परवानगी होती. चुलीपुढं त्या एकट्या.

अशी बाई ओसरीतल्या खाटेवर बसली, पण नाकानं ती स्वयंपाकघरातच होती. "फोडणी जयली वो!" बाहेरून आवाज यायचा. मग जरा वेळानं, "आता मीठ टाक. टाकलं का? जास्त टाकलं ना?" संध्याकाळी त्या जेवेनाशा झाल्या. अन्न वाईट होतं म्हणून नाही, हे मी माझ्या अब्रूसाठी मुद्दाम सांगते. स्वतः केलेलं नाही आणि खायचं, हेच त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

आमचे हे शाळेत मास्तर. आईला असं पाहून ते एका रविवारी अकोल्याला गेले आणि संध्याकाळच्या एसटीनं मांडीवर खोकं घेऊन परत आले. खोक्यात दोन तोंडांची विजेची शेगडी. पांढऱ्या चिनी मातीच्या दोन चकत्या, त्यात नागमोडी खाचा आणि खाचांतून गुंडाळलेली बारीक तार. आळीतल्या बायका म्हणाल्या, "बाप्पा, हे तर जिलबीवानी दिसते!"

मामाजींनी लांबूनच पाहिलं. "इस्तव कुठी हाय ह्याच्यात?"

"तारेतून येतो, बाबा."

"येतो अन् जातो कुठून?" मामाजींनी विचारलं. हे खोक्यातला कागद शोधू लागले. मामाजी पहिला डाव जिंकून ओसरीत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी दिव्याचा बल्ब काढून त्याच्याच जागी शेगडीची वायर लावली. मास्तर माणूस, पुस्तकातली वीज येत होती, भिंतीतली येत नव्हती. दिव्याच्या तारेवर शेगडी चालवणं म्हणजे वासराला रेड्याच्या औताला जुंपणं, हे आम्हाला नंतर कळलं. बटण दाबून हे दूध आणायला गेले. तार तापायला थोडा वेळ लागतो. तोवर ती काळीच दिसते, निरुपद्रवी, झोपलेली.

तेवढ्यात आत्याबाई आंघोळ करून आल्या. अंगावर ओलं लुगडं, केसांतून पाणी, पाय उघडे, खाली नुकतीच सारवलेली ओली जमीन. आणि हातात काय? पोतेरं. आमच्या वऱ्हाडात सकाळी चूल पांढऱ्या मातीनं पोतारल्याशिवाय तिच्यावर काही शिजत नाही. पारोशी चूल आणि पारोसं माणूस आत्याबाईंना सारखंच वर्ज्य. शेगडी झाली तरी चूलच ना! त्यांनी पोतेरं वाडग्यातल्या पांढऱ्या मातीच्या पाण्यात बुडवलं, मनातल्या मनात काहीतरी म्हटलं आणि मोठ्या भक्तिभावानं त्या काळ्या तारेवरून फिरवलं.

फाट्!

पोतेरं छताला, वाडगं भिंतीला, आत्याबाई जमिनीला. घरातली वीज गेली. मी कणकेचे हात घेऊन धावले. आत्याबाई पाय पसरून बसल्या होत्या, उजवा हात डाव्या हातात धरून, तोंडावर पांढऱ्या मातीचे ठिपके. त्यांनी शेगडीकडे बोट केलं आणि शेजारणीची तक्रार सांगावी तसं म्हणाल्या, "चावली! मले चावली ते!"

कोपर खरचटलं होतं आणि हाताला मुंग्या आल्या होत्या, एवढंच. नशीब म्हणून एवढंच. हात चिकटला असता तर आज मी असं रंगवून सांगत बसले नसते.

मामाजी दारात आले. त्यांनी सगळं पाहिलं आणि खालच्या आवाजात बोलले. त्यांचा खालचा आवाज वरच्यापेक्षा वाईट. "हे शेगडी परत जाईन. अन् तुमी खाटेवर."

मला वाटलं, आत्याबाई आता शेगडीचं नावही काढणार नाहीत. दुपारी घर झोपलेलं असताना त्या मागच्या दारानं स्वयंपाकघरात आल्या. मी भांडी घासत होते. त्या शेगडीपासून हातभर लांब उभ्या राहिल्या, जशी एखादी द्वाड म्हैस विकत घ्यायच्या आधी चारी बाजूंनी पाहावी.

"पोरी, हे कायले चावली मले?"

"तुम्ही ओल्या होतात, आत्याबाई. आणि ती चालू होती."

"म्हणजे तिची चूक नाही?"

"नाही."

"मग परत काहून पाठवाची?" त्या म्हणाल्या. "मी काय आता मरेपर्यंत खाटेवर बसून तुह्या हातचं खाऊ काय?"

हा टोमणा होता की आर्जव, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. पण त्या दुपारी आम्ही दोघी एका बाजूला झालो. त्या रात्री जेवण वाढताना आत्याबाईंनी मामाजींपुढं डाव टाकला. "अखजी येऊन राह्यली. केनवडचे व्याही येतीन. सारा सयपाक शेगडीवर करतो. कोनाले एक चिमटा जरी बसला तरी तुमच्या हातानं एसटीत ठेवा शेगडी, अन् मी खाटेवर जातो. नाही बसला तर सयपाकघर माह्यं."

अखजी म्हणजे अक्षय तृतीया, आणि केनवडचे व्याही म्हणजे माझ्या नणंदेचे सासूसासरे. त्यांच्यासमोर फजिती झाली तर शेगडी आपोआपच जाईल, असा मामाजींचा हिशेब असावा. ते "हूं" म्हणाले. त्यांच्या "हूं"ला आमच्या घरात कोर्टाच्या शिक्क्याची किंमत होती.

मग पॉवरहाऊसमधला तारवाला आला. टोकदार मिशा, कानात अत्तराचा फाया, बोलणं अर्धं हिंदी. दिव्याच्या होल्डरमधून ह्यांनी काढलेली जोडणी पाहून तो इतका हसला, की शिडीवरून उतरून हसावं लागलं. "मास्तरसाब, ये तो चिडिया को बैलगाडी में जोत दिया आपने!" त्यानं मीटरपासून वेगळी जाड तार ओढली, स्वयंपाकघराच्या भिंतीवर लोखंडी पेटीचा मोठा स्विच बसवला. त्याला बाजूला दांडी. वर केली की वीज चालू, खाली ओढली की बंद. शेगडीच्या अंगाला तिसरी तार जोडली आणि ती नेली परसात. तिथं खड्डा खणून त्यात तांब्याचा पत्रा उभा पुरला, वर कोळसा आणि मिठाचे थर.

"शेगडीच्या अंगात करंट उतरला तर तो माणसात न जाता इथून जमिनीत जाईल," त्यानं आम्हाला समजावलं. "मांजी, इसमें रोज पानी डालना. जमीन सूखनी नहीं चाहिए."

आत्याबाईंनी कमरेवर हात ठेवले. "आता पाहा बाप्पा! शेगडीले पाण्याचा थेंब दाखवाचा नाही, अन् खड्ड्याले तांब्यानं पाजाचं?"

"बिलकुल, मांजी."

त्यांना ते मनापासून पटलं. शास्त्र कळलं म्हणून नव्हे. एकाला पाणी वर्ज्य आणि दुसऱ्याला रोजचं, हा असा नेम त्यांच्या ओळखीचा होता. त्या दिवसापासून सकाळी तुळशीला एक तांब्या, खड्ड्याला एक तांब्या. सणावारी खड्ड्यालाही हळदकुंकू. आळीत बातमी पसरली, की मास्तरच्या घरी नवीन देव निघाला.

पण पोतारण्याचं काय? ते सोडा म्हणायची माझी छाती नव्हती आणि सोडण्याची त्यांची तयारी नव्हती. मग मी युक्ती काढली. शेगडीसाठी चुलीशेजारी विटांचा बुटका ओटा बांधला. सकाळी दांडी खाली, वायर काढलेली, शेगडी उचलून फळीवर. ओटा हवा तेवढा पोतारा. तो खडखडीत वाळला, आत्याबाईंचं लुगडं बदललं, केस बांधले, हात कोरडे झाले, की मग शेगडी ओट्यावर. शेगडीच्या वाट्याला कोरड्या कुंकवाचं बोट, तेही बाहेरच्या पत्र्याला. आत्याबाई म्हणाल्या, "चालते. देवाच्या मूर्तीलेही आपण रोज कुठी घासतो?"

राहिली खालची ओलसर जमीन. तारवाला जाता जाता सांगून गेला होता, बसायला कोरडं लाकूड घ्या. आणि इथं आमच्या घरात क्रांती झाली. कारण आमच्याकडे पाटावर बसायचं ते पुरुषांनी. बायका जमिनीवर, फार तर तरटावर. पाट भिंतीला रांगेनं उभे असत आणि आम्ही ते फक्त पुसत असू. मामाजींच्या पाटाला पितळेची फुलं ठोकलेली होती, म्हणून तो बाद. पण पाहुण्यांसाठी ठेवलेला सागाचा रुंद पाट मी उचलला आणि शेगडीपुढं मांडला.

आत्याबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. "मी बसू याच्यावर?"

"बसलंच पाहिजे. नाही बसलात तर चावेल."

त्या बसल्या. आधी अर्ध्या, मग पूर्ण. मग जरा डावीउजवीकडे सरकून पाटाचा अंदाज घेतला. पाठ ताठ झाली. मी शपथेवर सांगते, त्या बाईची उंची त्या दिवशी बोटभर वाढली.

पुढं सराव सुरू झाला, आणि त्यांनी सगळे नियम असे आपलेसे केले, की जणू तारवाल्याला त्यांनीच शिकवलं होतं. भांडं ठेवताना आणि उचलताना दांडी खाली. चिमटा तारेजवळ न्यायचा नाही. फुंकणी तर फळीवर इतकी वर गेली, की घ्यायला मलाच शिडी लागली असती. पदर खोचलेला. दूध ठेवून उठायचं नाही, कारण ते उतू जाऊन तारेवर पडलं की गेली जिलबी. बुडाला गोल असलेली भांडी शेगडीवर डुगडुगायची, म्हणून सपाट बुडाची दोन पातेली आली. माझा ओला हात लांबूनही दिसला की त्या डाफरायच्या, "पूस! आधी पूस! मरतं का?" घरातला धूर गेला. छतावरची काजळी मी खरडून काढली, तेव्हा खाली निळा रंग निघाला. आपल्या स्वयंपाकघराचं छत निळं आहे हे आत्याबाई स्वतःच विसरल्या होत्या.

अक्षय तृतीयेचा दिवस उजाडला. बाहेर वैशाखाचं ऊन असं, की कौलांवर पापड भाजावेत. केनवडचे व्याही-विहीण आले, ओसरीत टेकले, आणि विहीणबाईंनी नाक वर करून हवा हुंगली. "काहून वो, चूल पेटली नाही काय अजून? धूर नाही दिसत."

आत्याबाई आतून म्हणाल्या, "पुरण झालं, वयनी. चिंचवणी झाली. पोया करून राह्यलो."

विहीणबाई दारातून डोकावल्या. आत्याबाई पाटावर बसलेल्या, डोळे कोरडे, कपाळावर कुंकू जागच्या जागी, एका तोंडावर तवा, दुसऱ्यावर सपाट बुडाची कढई. कुरडया फुलून येत होत्या. "अगं माय!" विहीणबाई एवढंच म्हणाल्या आणि आत यायला लागल्या. आत्याबाईंनी उलथनं उगारलं. "तिथंच! पाय धुऊन आल्या ना तुमी? ओले हायत. वाळू द्या."

मामाजी हे सगळं ओसरीतून ऐकत होते. चिमटा अजून कोणाला बसला नव्हता.

आता त्या दिवसाचा रिवाज सांगते, म्हणजे पुढचं कळेल. अक्षय तृतीयेला आमच्याकडे पितरांच्या नावानं विस्तवात घास टाकतात. पुरणपोळी, कुरडई, वर तूप, आणि टाकून झालं की विस्तवाभोवती ओंजळीनं पाणी फिरवायचं. घरातला कर्ता पुरुष हे करतो. आमच्या घरी तो घास वर्षानुवर्षं चुलीत पडत आला होता. आज चूल थंड. म्हणून आम्ही दोघींनी अंगणात तुळशीपाशी खापरात गोवरी पेटवून ठेवली होती, आणि मी मामाजींना सकाळी तसं सांगितलंही होतं. ते "हूं" म्हणाले होते. पण ते शिक्क्याचं "हूं" नव्हतं, पेपर वाचतानाचं "हूं" होतं.

पानं वाढली. मामाजी नव्यानं आंघोळ करून, ओला पंचा नेसून आले. एका हातात तुपानं निथळणारा घास, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. मागं व्याही, त्यांच्यामागं आमचे हे. आणि मामाजींचे पाय, सवयीचे पाय, अंगणाकडे न वळता सरळ स्वयंपाकघरात आले. कढई उतरवून पोळीसाठी दांडी पुन्हा वर केली होती, म्हणून शेगडीचं एक तोंड रिकामं असूनही तार लालबुंद फुलली होती. मामाजींना विस्तव दिसला. विस्तव तो विस्तव. अनवाणी, ओल्या पंचानं, ओल्या हातानं ते वाकले, तूप तारेवर ठिबकायला आलं, तांब्याही कलला.

सासऱ्याच्या हाताला सुनेनं कसं धरायचं? आणि धरून उपयोग काय, माझेही हात ओले.

"थांबा!"

आत्याबाई! तो आवाज खोकल्यातून आलेला नव्हता. छातीच्या तळातून आलेला, स्वच्छ, घंटेसारखा. मामाजींचा हात हवेत थिजला. पाटावर गुडघे टेकून आत्याबाई उठल्या आणि कोरड्या हातानं भिंतीवरची दांडी खाड्कन खाली ओढली. तारेचा लाल रंग हळूहळू काळा झाला.

बाहेरची मांजर उंबऱ्यावर थबकली. मामाजींना कोणी तरी ओरडलं होतं, आणि तेही व्याह्यांदेखत! मी डोळे मिटून घ्यायच्या बेतात होते.

आत्याबाईंनी पदर सारखा केला. "पितर अंगणात जेवतीन," त्या म्हणाल्या. "चला."

मामाजींनी घासाकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, मग त्या तारेकडे. भिंतीवर उडालेले पांढऱ्या मातीचे डाग तिथं अजून होते. त्यावर त्यांची नजर क्षणभर राहिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना काही न बोलता, "हूं" न करता वळताना पाहिलं. पुढं आत्याबाई, मागं घास घेऊन मामाजी, मागं व्याही, मागं मास्तर. वाजंत्री तेवढी नव्हती. खापरात तूप पडलं, गोवरी भप्पकन पेटली, पाणी फिरलं.

जेवताना व्याह्यांना राहवलं नाही. "तुमच्या घरी आवाज कोनाचा मोठा, हे आज समजलं," ते म्हणाले.

मामाजींनी पुरणपोळीवर तूप ओतून घेतलं, घास तोंडात टाकला, सावकाश चावला. आणि म्हणाले, "तो आवाज नसता, तं तुमी थेट माह्या तेराव्याचं जेवले असते. वाढ वो, अजून एक पोयी वाढ त्यायले."

व्याह्यांना ठसका लागला. आणि मामाजी हसले. त्यांना वरच्या बाजूला एक दात कमी आहे, हे मला लग्नानंतर तेव्हा पहिल्यांदा समजलं.

विहीणबाई संध्याकाळच्या एसटीनं जाणार होत्या, त्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आळीतल्या बायकांसह त्या स्वयंपाकघराच्या दाराशी बसल्या, आणि आत्याबाईंनी पाटावरून सगळ्यांना शेगडी दाखवली. खड्ड्यापासून सुरुवात करून, एकेकीचे हात तपासून. "तुह्या हाताले तेल हाय. मांगं सर." "तुह्यं लेकरू धर आधी, मग पाय टाक." मला त्यांनी दांडी वरखाली करायला ठेवलं होतं, आणि उशीर झाला की माझ्या माहेरचा उद्धार होत होता. मी इतक्या आनंदानं शिव्या कधी खाल्ल्या नाहीत.

ओसरीत मामाजी येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत होते, "आमच्या घरी धूर नाही आता. विजेवर हाय समदं. मी म्हनलं होतं पोराले, घेऊन ये म्हनून."

आत्याबाईंनी ते ऐकलं. मला वाटलं, आता उलथनं बाहेर फेकून मारतील. त्यांनी नुसती खाट भिंतीला उभी करायला मला सांगितली, म्हणजे बायकांना बसायला जागा होईल, आणि तव्यावरची पोळी उलटली.